वेग आणि विलंब

संगणकांच्या जाळ्याचा ‘वेग’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात दोन भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. एक वहनक्षमता, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते ते प्रमाण. आणि दुसरी विलंब, म्हणजे धाडलेल्या संदेशाचे उत्तर परत येण्यास लागणारा काळ. मुंबईहून हावड्यास निघालेल्या डाकगाडीला आणखी दहा डबे जोडले, तर अधिक पत्रे जातील. परंतु पहिले पत्र त्यामुळे एक मिनिटही आधी पोहोचणार नाही.

विलंब मोजण्याचे एक साधे साधन माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये तयार केले. सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर ठरविते. त्या ध्वनीवरूनच म्यूस यांनी आपल्या कार्यक्रमास ‘पिंग’ हे नाव दिले. तो दूरच्या संगणकाकडे लहानसा संदेश पाठवितो आणि उत्तर येईपर्यंतचा काळ मिलिसेकंदांत सांगतो.

हा काळ हवा तितका कमी करता येईल काय? नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तेव्हा तंतुमार्गे जाण्यायेण्यास किमान ७२ मिलिसेकंद लागणारच. जोडणी जुळविणे, गुप्ततेचे संकेत ठरविणे आणि मजकूर मागणे अशा तीन फेऱ्या झाल्या, तर २१६ मिलिसेकंद वाटेतच जातात. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत तर एका प्रश्नोत्तरासच सुमारे अर्धा सेकंद लागतो.

परंतु सारा दोष वाटेचाच असतो असे नव्हे. पिंगचे उत्तर त्वरित येते आणि मागितलेले पान मात्र रखडते, तेव्हा बहुधा सर्व्हरपाशी रांग लागलेली असते. सर्व्हरची क्षमता संपत आली की ही रांग झपाट्याने वाढते. म्हणून परीक्षकाने भार टप्प्याटप्प्याने वाढवीत उत्तरांचे काळ नोंदवावेत. केवळ सरासरीवर मात्र विसंबू नये. शंभर मागण्यांपैकी नव्याण्णवांना ५० मिलिसेकंद आणि एकीला ५ सेकंद लागले, तरी सरासरी जेमतेम १०० मिलिसेकंद भरते. त्या एका ग्राहकाची गैरसोय त्या आकड्यात दिसतच नाही.

निदानाचे महत्त्व येथेच आहे. माहितीचा ओघ मार्गात मावत नसेल, तर वहनक्षमता वाढवावी. सर्व्हरपाशी रांग असेल, तर त्याचे काम हलके करावे किंवा यंत्रे वाढवावीत. अंतर फार असेल, तर मजकुराची प्रत ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवावी. मोजमाप न करता केवळ मोठी जोडणी विकत घेणे म्हणजे पहिले पत्र लवकर पोहोचावे म्हणून गाडीला डबे जोडीत राहणे होय.