पुन्हा एकदा ल्यूसी

जुन्या मालिका पुन्हापुन्हा पाहणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'अहो, पुढे काय होणार हे तुम्हाला पाठ आहे, मग पाहता तरी काय?' मी अशा माणसांपैकीच एक. 'आय लव्ह ल्यूसी' ही १९५०च्या दशकातली अमेरिकन विनोदी मालिका आणि त्याआधीच्या वीस वर्षांतले हॉलिवूडचे कृष्णधवल चित्रपट हा माझा जुना शौक. माझं उत्तर साधं आहे. आवडीची बंदिश आपण एकदा ऐकून सोडून देतो का? 'पुढे काय' हा प्रश्न मिटला, की 'हे केलं कसं' याकडे लक्ष जातं, आणि खरी मजा तिथे सुरू होते.

१९५२ सालचा एक भाग घ्या. ल्यूसी आणि तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची, एवढंच काम. एकही सुटलं तर नोकरी गेली. पट्ट्याचा वेग वाढतो तशी दोघी चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, पोलक्यात टाकतात. पहिल्यांदा पाहताना आपण त्या गोंधळाला हसतो. तिसऱ्यांदा पाहताना ल्यूसिल बॉलचे डोळे दिसतात. घबराट, लबाडी आणि शरणागती, सगळं त्या डोळ्यांत, तोंड भरलेलं असताना! आणखी एकदा पाहिलं की एथेल झालेल्या व्हिव्हियन व्हान्सचं काम दिसतं. ती ल्यूसीच्या एक पाऊल मागे राहते, म्हणून ल्यूसी खुलते.

पण आज मला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा कार्यक्रम आज इतका स्वच्छ, कालच चित्रित केल्यासारखा, आपण पाहू तरी कसे शकतो? त्या काळातले असंख्य कार्यक्रम कायमचे नाहीसे झाले. मग हाच का उरला?

त्यासाठी १९५१ सालात जावं लागेल. तेव्हा अमेरिकेतले बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. कलाकार अभिनय करत असतानाच तो घरोघरी दिसे आणि संपला की हवेत विरून जाई. दूरच्या केंद्रांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्या चित्राचंच चित्रण करत. त्याला किनेस्कोप म्हणत. चित्र धूसर येई, पण वेळ भागे. ते जपून ठेवावं असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. कालच्या वर्तमानपत्राला आपण जेवढी किंमत देतो, तेवढीच त्यालाही होती.

ल्यूसिल बॉल आणि तिचा पती, क्यूबातून आलेला वादक आणि गायक डेसी अर्नाझ, यांना मात्र हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. अर्नाझनं तोडगा काढला, की कार्यक्रम कॅलिफोर्नियातच, चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करू. खर्च वाढणार म्हणून वाहिनी आणि प्रायोजक कुरकुरले. तेव्हा या जोडप्यानं आपल्या मानधनात कपात स्वीकारली आणि बदल्यात चित्रित झालेल्या भागांची मालकी मागून घेतली. ती त्यांना सहज मिळाली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाचं पुढे काय मोल असणार, असा तेव्हाचा हिशेब होता.

ल्यूसिल बॉलची विनोदाची जादू समोर प्रेक्षक असले की खुलायची. म्हणून स्टुडिओत प्रेक्षक बसवले आणि तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवले. या तिन्हींना एकाच वेळी चालेल अशी प्रकाशयोजना केली कार्ल फ्रॉइंड यांनी. 'मेट्रोपोलिस' या १९२७च्या गाजलेल्या जर्मन मूकपटाचे हे छायालेखक. 'द गुड अर्थ'साठी त्यांना ऑस्करही मिळालं होतं. म्हणजे हॉलिवूडचा एक कसलेला कारागीर टीव्हीच्या घरगुती विनोदाला प्रकाश देत होता. मालिकेत ऐकू येणारं हसणं हे त्या दिवशी समोर बसलेल्या माणसांचं आहे, हेही विसरू नका.

१९५२मध्ये ल्यूसिल बॉलला दिवस गेले. तिला विश्रांती मिळावी म्हणून आधीचे काही भाग पुन्हा दाखवण्यात आले. लोकांनी ते आनंदानं पाहिले. ज्यांचा हुकला होता त्यांनी पाहिला, ज्यांनी पाहिला होता त्यांनी पुन्हा पाहिला. कार्यक्रम शिळा होत नाही, हे त्यातून कळलं. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेत ल्यूसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी प्रत्यक्षातही झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला असं सांगतात.

पुढे जुन्या भागांचे हक्क वाहिनीनं मोठी रक्कम मोजून विकत घेतले. १९५७मध्ये मालिका संपली. त्याच वर्षी या जोडप्यानं आर.के.ओ. हा स्टुडिओ सुमारे साडेएकसष्ट लाख डॉलरना खरेदी केला. 'किंग काँग' आणि 'सिटिझन केन' याच संस्थेचे. १९३५च्या 'टॉप हॅट'मध्ये फुलांच्या दुकानातल्या मुलीची लहानशी भूमिका करणारी ल्यूसिल बॉल इथेच करारावर होती. 'टू मेनी गर्ल्स' या १९४०च्या इथल्याच चित्रपटाच्या वेळी तिची आणि अर्नाझची गाठ पडली होती. पगारी नट मालक झाले, ते या पुन्हा दाखवण्याच्या जोरावर.

जुन्या चित्रपटांचीही कथा अशीच. मोठे स्टुडिओ टीव्हीला शत्रू मानत आणि चित्रपट देत नसत. १९५५नंतर हा बांध फुटला. १९३९चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' ३ नोव्हेंबर १९५६ रोजी टीव्हीवर आला. कॅन्ससच्या मातकट रंगातून ऑझच्या झगमगीत रंगांत शिरणं हा या चित्रपटाचा प्राण. पण बहुतेकांच्या घरी कृष्णधवल संच होते, त्यामुळे तो बदल त्यांना दिसलाच नाही! तरीही पुढे दरवर्षी चित्रपट दाखवला जाऊ लागला आणि मुलं त्याच्यासोबत वाढली.

फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ साली तोट्यात गेला. तेव्हाच्या कायद्यानं २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करावं लागे. १९७४मध्ये ते राहून गेलं. फुकटात मिळतो म्हणून केंद्रांनी नाताळात तो वारंवार लावला आणि पडेल चित्रपट घराघरांतला सण होऊन बसला. मालकीनं ल्यूसीला तारलं, तर या चित्रपटाला मालकी सुटल्यानं दुसरा जन्म मिळाला.

यात अन्यायही आहे. ज्यांचे चेहरे रात्री-अपरात्री टीव्हीवर दिसत, त्या जुन्या नटांना त्याबद्दल काय मिळालं? १९६०मध्ये नटांच्या संघटनेनं संप केला. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. १९६० आणि त्यानंतरच्या चित्रपटांसाठी टीव्हीवरच्या प्रदर्शनाचं मानधन ठरलं. आधीच्या चित्रपटांवरचा दावा मात्र सोडावा लागला. बदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्यासाठी एकरकमी निधी मिळाला. तिसऱ्या-चौथ्या दशकातले चित्रपट पाहताना मला ही गोष्ट आठवते.

आणि जे उरलंच नाही त्याचं काय? ड्यूमाँट नावाचं एक टीव्ही जाळं १९५६मध्ये बंद पडलं. त्याचे साठवलेले किनेस्कोप १९७०च्या दशकात ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या उपसागरात टाकले गेले, अशी साक्ष अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६मध्ये दिली. जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो'च्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दहा वर्षांच्या टेपही बहुतांशी पुसल्या गेल्या. टेप महाग होती, पुन्हा वापरता येत होती, म्हणून! अमेरिकेतल्या दीर्घ मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे नष्ट झाल्याचं तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३च्या अहवालात म्हटलं आहे. आपलीही कहाणी फार वेगळी नाही. आपला पहिला बोलपट, १९३१चा 'आलम आरा', आज उपलब्ध नाही. उलट २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७ सालचं 'रामायण' पुन्हा दाखवू शकलं, कारण ते जपलेलं होतं.

म्हणजे जे चांगलं ते उरतं, असं नाही. जे टिकाऊ फितीवर उतरलं, ज्याचा कोणी मालक किंवा प्रेमी होता आणि जे पुन्हा दाखवावंसं कोणाला वाटलं, ते उरतं. पुन्हा दाखवल्यानं मागणी टिकते आणि मागणी असली की फीत जपण्यावर कोणी खर्च करतो.

१९५५च्या एका भागात ल्यूसी हार्पो मार्क्सचा वेश घेते आणि खरा हार्पो समोर आल्यावर त्याचं आरशातलं प्रतिबिंब असल्याची बतावणी करते. तो हात हलवतो, ती हलवते. १९३३च्या 'डक सूप'मध्ये हार्पोनं ग्राउचोबरोबर केलेल्या आरशाच्या प्रसंगाला दिलेला हा उजाळा. दोन्ही टिकले आहेत, म्हणून आज एकापाठोपाठ एक लावून पाहता येतात. ते जरूर पाहा. आणि घरी कपाटात दूरदर्शनच्या काळात रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटी पडून असतील, तर रद्दीत देण्याआधी त्यांत काय आहे तेवढं एकदा बघून घ्या.