आठ बटणं आणि एक पंखा

आमच्या हॉलमध्ये आठ बटणांचा बोर्ड आहे. सगळी पांढरी, एका रांगेत, एकसारखी. पंखा लावायला गेलेला पाहुणा आधी ट्यूब बंद करतो, मग गॅलरीतला दिवा लावतो, मग ओशाळून हसतो. दोष त्याचा नाही, बोर्डाचा आहे!

डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी १९८८ साली आलेल्या आपल्या पुस्तकात हेच मांडलंय. दिवे छतावर पसरलेले आणि बटणं भिंतीवर उभ्या-आडव्या ओळीत; कुठलं कशाचं, हे डोळ्यांना कळायला मार्गच नाही. त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत खोलीच्या नकाशावरच बटणं बसवून घेतली होती. दिवा जिथे, बटण तिथे. चार शेगड्यांच्या गॅसचंही तेच: शेगड्या चौकोनात, नॉब मात्र सरळ रेषेत. म्हणून दूध एकीकडे आणि जाळ दुसरीकडे.



वायरिंग न बदलता करता येईल असा उपाय म्हणजे पंख्याच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका. अंधारातही बोटाला लागतो. आमच्याकडे लाल आहे.

तुमच्या बोर्डावर पंख्याचं बटण कितवं? न बघता सांगा.