ईईजी आणि एफएमआरआय: एकदम की वेगवेगळे?

ईईजी तसा जुना. माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केली. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर चालणारं एफएमआरआय माणसांवर वापरलं जाऊ लागलं ते १९९२ च्या सुमारास. ईईजीला मिलिसेकंद कळतात, पण लहर कुठून उठली हे कवटीबाहेरून नेमकं सांगता येत नाही. एफएमआरआयला जागा मिलिमीटरांत कळते, पण रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद जातात. दोन्ही एकदम घ्यावेत असं वाटणं साहजिकच होतं.

१९९३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात झोपलेल्या रुग्णाचा ईईजी नोंदवला. पुढची बरीच वर्षं गोंगाट गाळण्यात गेली. यंत्राची चुंबकीय क्षेत्रं भराभर बदलतात तेव्हा इलेक्ट्रोडच्या तारांत निर्माण होणारा विद्युतदाब मेंदूच्या लहरींच्या कित्येक पट असतो. शिवाय नाडीच्या ठोक्यागणिक डोकं कणभर हलतं, तेवढंही नोंद बिघडवायला पुरतं. लंडनच्या ॲलन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नाडीचा, तर २००० मध्ये यंत्राचा गोंगाट सरासरी काढून वजा करण्याची रीत दिली. तरी काही अंश उरतोच.

हा खटाटोप सार्थकी लागला तो अपस्मारात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात ईईजीवर उमटणारे स्पाइक सांगून येत नाहीत आणि मागवूनही येत नाहीत. त्या क्षणी मेंदूत कुठे बदल झाला हे बघायचं तर दोन्ही नोंदी एकाच वेळच्या हव्यात, दुसरा मार्ग नाही. झोपेचे टप्पे किंवा आपोआप चढणारी-उतरणारी अल्फा लहर यांचंही तसंच.

पण पडद्यावर चेहरा दाखवून प्रतिसाद मोजायचा असेल, तर तो चेहरा उद्याही दाखवता येतो. अशा वेळी मला दोन वेगळ्या बैठकाच योग्य वाटतात. नोंदी स्वच्छ मिळतात आणि टोपी, तारा घालून त्या खडखडाटात पडून राहण्याचा त्रास सहभागी माणसाला होत नाही. मेंदूची चुंबकीय क्षेत्रं टिपणारं एमईजी तर एमआरआयच्या बोगद्यात चालूच शकत नाही. अमेरिकेच्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने ९५ जणांचं एमईजी वेगळ्या बैठकीत घेतलं आणि त्या नोंदी नंतर एफएमआरआयच्या नोंदींशी जोडल्या.

पण विद्युत नोंद आणि एफएमआरआय एकच गोष्ट मोजतात का? मेंदूसंशोधक लोगोथेटिस यांनी २००१ मध्ये माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून विद्युत नोंद आणि एफएमआरआय एकत्र घेतले. रक्तप्रवाहाचा संदेश चेतापेशींच्या प्रत्यक्ष स्पंदनांपेक्षा त्या भागातल्या स्थानिक विद्युतक्षेत्राशी जास्त जुळतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे दोन पद्धती मेंदूतली तीच घडामोड मोजत असतील हे गृहीत धरता येत नाही. एकीत दिसलेलं दुसरीत दिसलं नाही, तर ती चूकच असेल असंही नाही. नोंदी एकाच वेळी घेतल्या तरी हा प्रश्न सुटत नाही.