गंजलेल्या जीपचा निवाडा

तंजावर म्हटले, की मराठी श्रोत्याला बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आठवते, सरफोजी राजांचा सरस्वती महाल आठवतो, आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आठवतो. या वैभवाच्या मालिकेत जीपगाडीला स्थान नाही, आणि ते मिळावे असा कोणाचा आग्रहही नसेल. परंतु शहराच्या पूर्वेला, कावेरीच्या फाट्यांनी चिरलेल्या भातशेतीच्या मुलखात, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एखाद्या छपराखाली एक बसक्या तोंडाची जीप उभी असते. तिची चाके मातीत रुतलेली असतात, रंग उडून पत्रा तांबूस झालेला असतो, मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालतात. घरातली वडील मंडळी तिच्याविषयी आदराने बोलतात आणि धाकटी पिढी अधूनमधून विचारते, ‘ही पुन्हा चालती होईल का?’

‘होईल का’ याचे उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी असते. पैसा ओतला तर काय चालत नाही? ‘करावी का’ हा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा चुकीच्या जागी शोधले जाते. वरचा गंज पाहून एखादा घाबरून गाडी भंगारात देतो. दुसरा बॉनेटवरचा इंग्रजी शिक्का पाहून भाळतो आणि घरातली शिल्लक तिच्यात घालतो. दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेले नसते.

अशा गाड्या या भागात आल्या कशा, हे आधी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या गाड्यांपैकी कित्येक लिलावात निघाल्या. पुढे महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीप जोडण्यास आरंभ केला आणि हळूहळू ते भाग येथेच घडू लागले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास अधिकारी व त्याची जीप ही जोडी खेडोपाडी ओळखीची झाली. १९६० च्या सुमारास सधन शेतीचा जो कार्यक्रम देशातील पहिल्या सात जिल्ह्यांत हाती घेण्यात आला, त्यांत तंजावर होते. कालव्यांच्या बांधांवरून आणि चिखलातल्या गाडीवाटांवरून जाण्यास चारही चाकांना जोर देणारे हे वाहन सोयीचे होते. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या गाड्या लिलावात निघत आणि तेथून शेतकऱ्याच्या अंगणात येत.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे ओळख पटवणे. बोलण्यात सगळ्याच ‘विलीज’ असतात; प्रत्यक्षात तसे नसते. युद्धकालीन जीपच्या तोंडावर नऊ उभ्या फटी असतात, तर नागरी वापराच्या जीपला सात. युद्धकालीन गाडीचे जादा चाक मागे टांगलेले असते. आपल्याकडे सर्वाधिक चाललेली जात सी. जे. ३ बी. तिचे बॉनेट उंच आहे, आणि त्याचे कारण शोभेचे नाही. मूळ इंजिनात इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या दोन्ही झडपा ठोकळ्यात बाजूलाच असत. १९५३ च्या या गाडीत आत घेणाऱ्या झडपा वर, हेडमध्ये नेल्या. त्यामुळे साठ अश्वशक्तीचे इंजिन सत्तरीच्या पुढे गेले, पण उंचीलाही वाढले, आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद पडली. भारतात तिचा साचा त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिला. ‘युद्धातली जीप’ म्हणून मोठी किंमत सांगितली जाते, तेव्हा फटी मोजण्यास काही खर्च येत नाही.

आता गंज. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला, की गंज चढतो. मीठ असले तर तो धावतो. तंजावर जिल्ह्याची आग्नेय बाजू समुद्राला लागलेली आहे, पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो, आणि भाताच्या मुलखात जमीन बराच काळ ओली राहते. एक दिलासा मात्र आहे. थंड देशांत इंजिनात राहिलेले पाणी गोठून ठोकळा तडकतो. ती भीती येथे नाही. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो पापुद्र्यांनी सुटतो आणि त्या पापुद्र्यांत पुन्हा ओल धरून राहतो. उघड्यावरचा, पावसाने धुतला जाणारा आणि उन्हाने वाळणारा तांबूस थर डोळ्यांना भयंकर दिसतो, पण बहुधा वरवरचा असतो. घात होतो तो चिखल साठणाऱ्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यांत. युद्धकालीन जीपच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हाळी असून त्यांत लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असत. लाकूड ओल पिऊन बसे आणि पत्रा आतून खाल्ला जाई. वरून रंग शाबूत आणि आत भुसा, असा तो प्रकार.

तळपत्रा गेला तरी जीप जात नाही. पत्राकाम करणारा कारागीर तो कापून नवा जोडतो. जीव आहे तो चासीत, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यात. हाती लहानशी हातोडी आणि टोकदार पेचकस घ्यावा, चासीवरचा चिखल खरवडून काढावा आणि टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते. खाल्लेले पोलाद बद्द आवाज देते, आणि पेचकस दाबला तर आत शिरतो. विशेष पाहायचे ते पाट्यांच्या टेकूंपाशी, मागच्या आडव्या दांडीपाशी आणि जुने वेल्डिंग दिसेल तेथे. एका जागी ठिगळ असणे हा दोष नव्हे. परंतु पाट्यांचे टेकू हलत असतील, सांगाडा पिळवटलेला असेल, किंवा ठिगळावर ठिगळ असेल, तर मोह आवरावा. अशी गाडी चालती झाली तरी वळणावर कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

इंजिन अडकलेले आहे हे ऐकून मात्र धीर सोडू नये. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत ‘चालू करून पाहण्याचा’ उत्साह तेवढा टाळावा. त्यात पिस्टनची कडी मोडतात. प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे, मग पुढच्या हँडलने हलक्या हाताने फिरवून पाहावे. गिअरपेटी आणि दोन्ही आस तेलात बुडालेले असल्याने पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके सुस्थितीत निघतात. त्यांतले तेल दुधाळ दिसले, तर कधीकाळी पाणी आत शिरले आहे असे समजावे.

यापुढचा अडथळा हातोडीने कळत नाही. तो कागदात असतो. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. क्रमांक गंजाने पुसला असेल किंवा पुस्तक हरवले असेल, तर कारागिराआधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, सांगाड्यावरचा पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षे टिकते. पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा यांसारख्या प्रसंगीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही.

येथेच पुष्कळ घरांची अडचण होते. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीपगाड्यांत पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. ज्याने ते बसवले त्याने काही पाप केले नाही. गाडी त्यामुळेच वीस वर्षे अधिक राबली. परंतु मूळ इंजिन गेले, की व्हिंटेज नोंदणीचा दरवाजा अरुंद होतो. मग मालकाने ठरवायचे: मूळ जातीचे इंजिन शोधत फिरायचे, की बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात आहे का हे पाहून गाडी साध्या नोंदणीवर चालवायची. कारखान्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. हौसेने रुंद टायर आणि नवी रचना चढवणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

दुसरी अडचण सुबत्तेतून येते. साचा इतकी वर्षे चालू राहिल्याने जीपचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. अखंड नवी बॉडीसुद्धा बाजारात मिळते. त्यामुळे दोन दिवसांत सगळा जुना पत्रा फेकून चकचकीत गाडी उभी करता येते. ती गाडी आजोबांची नव्हे. तिच्यात त्यांचा फक्त क्रमांक उरतो. सरस्वती महालातल्या जीर्ण ताडपत्रावरचा मजकूर कोणी नव्या पानावर उतरवून जुने पान टाकून देत नाही. ते पान जपतात, आहे तेवढे टिकवतात. जीपचेही तसे करता येते. चिखल धुवावा, सुटलेले पापुद्रे घासून काढावेत, उरलेल्या पत्र्याला तेल किंवा गंजरोधक द्यावे, चाकांखाली विटा ठेवाव्यात आणि कोरड्या छपराखाली तिला उभी करावी. ती रस्त्यावर धावणार नाही, पण आणखी गंजणारही नाही. ज्या घरात मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण समोर आहे, त्या घराला हा मार्ग सुचवण्यात काही कमीपणा नाही. गाडी थांबू शकते, आणि पुढच्या पिढीला हातोडी घेऊन पुन्हा वाकून पाहता येते.

चासी खणखणीत, कागद जुळलेले, आणि तरीही काम काढायचे ठरले, तर कारागिराने सांगितलेल्या आकड्यात निम्मी भर घालूनच खर्च धरावा. पत्रा कापल्याशिवाय आत काय आहे हे कारागिरालाही दिसत नाही. कामाचा आरंभ पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात करावा. तेव्हा ईशान्य मान्सून सरलेला असतो आणि हवेत कोरडेपणा येऊ लागतो. घासून उघडा केलेला पत्रा त्या हवेतही रात्रभर तसाच ठेवू नये. सकाळी जेवढा घासला, तेवढ्याला संध्याकाळच्या आत अस्तराचा रंग लागला पाहिजे.