आईच्या माहेरचं पाणी

फॅमिली ट्रिप ठरवणं हे क्लायंट मीटिंग ठरवण्यापेक्षा अवघड काम आहे. तारीख सगळ्यांना चालली पाहिजे, खोली तळमजल्यावर हवी (बाबांचा गुडघा), टॉयलेट कमोडचं हवं (पुन्हा बाबांचा गुडघा), दादाला ‘काहीतरी अॅडव्हेंचर’ हवं, वहिनीला दोन दिवस फोन वाजायला नको आणि चार वर्षांच्या चिंगीला फक्त मॅगी! या गदारोळात आईला काय हवंय हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. या ऑगस्टमध्ये मी विचारलं, तेही चुकूनच. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, ‘‘मला भंडारदरा दाखवा.’’

आम्ही चाट. ही बाई महाबळेश्वरला गेली तरी स्ट्रॉबेरीचे भाव विचारून परत येते. हिला एकदम धरण?

आईचं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या कालव्यावरचं. आपण पगाराच्या एसएमएसची वाट बघतो ना, तशी तिच्या लहानपणी घरात ‘आवर्तना’ची वाट बघितली जायची. आवर्तन म्हणजे धरणातून कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. ते आलं की आजोबा रात्री कंदील घेऊन बारं धरायला शेतावर. पावसाळ्यात पेपरात घाटघर, रतनवाडी इथे किती मिलिमीटर पाऊस झाला याचे आकडे यायचे, ते आजोबा आईला मोठ्यांदा वाचायला लावायचे. म्हणजे पंचांगापेक्षा जास्त वेळा ही नावं तिने वाचलेली. बघितलं मात्र काहीच नाही. कालवा थेट घरापर्यंत यायचा, धरणापर्यंत कोण जाणार?

आम्ही मुंबईकर. त्यामुळे कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून घोटीला उजवीकडे वळलो. पुण्याहून येणार असाल तर संगमनेर-अकोले-राजूरमार्गे या. घोटीनंतर रस्ता एकदम बदलतो. दोन्हीकडे भातखाचरं, बारी गावाच्या डोक्यावर १६४६ मीटरचं कळसूबाई (त्या दिवशी ढगात गायब) आणि मग शेंडी. भंडारदऱ्याचं गाव ते हेच. हॉटेलच्या वेबसाइटवर ‘लेक व्ह्यू’ होता, प्रत्यक्षात खिडकीतून शेजारच्या हॉटेलचा जनरेटर दिसला. जाऊ दे.

धरणाची भिंत दगडी आहे आणि चांगली उंच, ८२ मीटर. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून नाव विल्सन डॅम, मागचा जलाशय आर्थर लेक. पोटात सुमारे ११ टीएमसी पाणी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कल्पना करायचा प्रयत्न करू नका, मी केला.) पायथ्याशी अम्ब्रेला फॉल. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी गोल खडकावरून पसरत छत्रीसारखं खाली येतं. मोरी बंद तर छत्रीही बंद! आमच्या नशिबाने ती उघडी होती. सगळे फोटो काढण्यात गुंग, आणि आई मात्र छत्रीकडे पाठ करून पाणी पुढे वाहत जात होतं तिकडे बघत उभी. ‘‘इथून पोचायला किती दिवस लागत असतील गं?’’ तिने विचारलं. आमच्यातल्या दोन इंजिनिअरांपैकी एकालाही उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा. भंडारदऱ्याला जाऊन हा रस्ता केला नाहीत तर निम्मी ट्रिप फुकट. शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी असं फिरून पुन्हा शेंडीला येतो. वाटेत इतके धबधबे की चिंगीने मोजणं चाळीसवर सोडलं (तिला चाळीसपर्यंतच येतात). घाटघरची पाटी दिसल्यावर आईने गाडी थांबवायला लावली आणि पाटीबरोबर फोटो काढून घेतला. कोकणकड्याचा नाही हं, पाटीचा!

खरा राडा झाला साम्रदला. साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे डोंगराला उभी चीर पडावी तशी घळ. दोन्ही बाजूंना दोनेकशे फुटांच्या भिंती आणि मधली वाट कुठे कुठे इतकी चिंचोळी की दोन माणसं जेमतेम मावतील. दादाने तिचे व्हिडिओ बघून खास शूज घेतलेले. गावातला वाटाड्या मात्र हलायला तयार नाही. दादाने पैसे वाढवले, तरी नाही.

‘‘सायेब, वर पाऊस झाला की सगळं पानी ह्या घळीतूनच जातं. दोन्हीकडं भिताडं. पळणार कुठं? थंडीत या, मीच नेतो.’’

‘‘निदान थोडं आत...’’ दादा अजून हट्टाला पेटलेला. मग आवाज चढले. बाबा म्हणाले, ‘‘तुला एक पोरगी आहे.’’ दादा म्हणाला, ‘‘तुम्हाला सगळीकडे धोकाच दिसतो.’’ वहिनी काहीच बोलली नाही, ते सगळ्यात वाईट होतं. शेवटी वाटाड्या आम्हाला जरा पुढे, सुरक्षित अंतरावर घेऊन गेला. दरी धड दिसत नव्हती, फक्त आतून घुमणारा आवाज येत होता. तो ऐकला आणि दादा गप्प झाला. गाडीत बसेपर्यंत धुवांधार कोसळायला लागलं.

एक सांगायचं राहिलं. आईने त्या वाटाड्याला विचारलं होतं, ‘‘हे पाणी पण धरणात जातं का?’’ तो म्हणाला, ‘‘न्हाय, ह्ये खाली कोकणात.’’ म्हणजे बघा, रतनगडाच्या उतारावरून निघालेली प्रवरा पूर्वेला जाते, नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि तिथून काही किलोमीटरवर पडलेला पाऊस सांदणमधून कोकणात उतरून अरबी समुद्रात! ‘‘हे आपलं नाही तर,’’ आई म्हणाली. जणू दुसऱ्याच्या डब्यातली भाजी.

रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. कोरीव काम बघायला तासभर तरी राखून ठेवा. आम्ही आधी भजी खाल्ली. ताडपत्रीखाली चूल मांडून बसलेल्या मावशींशी आईच्या गप्पा जमल्या. आई म्हणाली, नशीबवान आहात, एवढं पाणी दारात. मावशी हसल्या. मेमध्ये या म्हणाल्या, हंडे घेऊन किती लांब जावं लागतं ते दाखवते. धरण उशाला आणि कोरड घशाला.

‘‘मग धरणातलं?’’

‘‘ते खाली जातंय की. तुम्ही कुठल्या?’’

‘‘श्रीरामपूरची,’’ आई हळूच म्हणाली.

‘‘मंग तुमच्याकडंच जातंय.’’ मावशींच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांनी घाणा काढला आणि दुसरा टाकला. पण आई पुढे बराच वेळ बोलली नाही. आजोबांचा ऊस, ऊस गेल्यावर आलेला मामाचा बंगला, तिच्या लग्नातली पाटली, सगळं त्याच पाण्यावरचं. त्या खाली असलेल्या प्रवरेच्या पट्ट्यातच १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हे आम्ही शाळेत अभिमानाने पाठ केलंय. पाणी कुणाच्या उशाशी साठतं, हे पुस्तकात नव्हतं. निघताना आईने अजून चार प्लेट भजी बांधून घेतली. कुणालाच भूक नव्हती.

परतीच्या दिवशी रंधा. शेंडीहून राजूरच्या दिशेने दहाएक किलोमीटरवर अख्खी प्रवरा एका घळीत उडी घेते. उंची दीडशे फुटांहून जास्त, तुषार तोंडावर येतात आणि शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. खडक कमालीचे निसरडे. तरी सेल्फीसाठी रेलिंगपलीकडे गेलेली पोरं होतीच, हातात बाटल्या घेतलेली. तिथे ओरडून त्यांना मागे बोलावणारा माणूस कोण असावा? आमचा दादा.

आईला तिथूनच मामाला फोन लावायचा होता. रेंज नव्हती, मग रस्त्यावर येऊन लावला. भंडारदऱ्याला आलेय, रंधा बघितला, घाटघर बघितलं, ती भडाभडा सांगत होती. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘‘ते राहू दे. धरण भरलंय का?’’