रात्रीची लाईट आणि तुटलेली झोप

नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या बावडा परिसरात ऊस रात्रीही पाणी पितो. शेतीपंपांची थ्री-फेज वीज इथे पाळीपाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा ८ तास, तर काही दिवस रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला दारे धरायला सरीत उभे राहावे लागते, आणि पहाटेच्या धारा काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. झोपेला आपण ज्याची त्याची सवय समजतो. इथे मात्र ती विजेच्या वेळापत्रकावर ठरते, म्हणून तिचा विचार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून व्हायला हवा.

कमी झोपेने आजार होतो की आजारामुळे झोप कमी होते, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगांतून मिळते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४ तास झोपू दिले, तेव्हा रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्याची त्यांच्या शरीराची क्षमता घटली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दोन आठवडे रोज ६ तासच झोपलेल्यांचे लक्ष अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतके ढळू लागले, पण आपण किती मंदावलो याचा अंदाज त्यांना स्वतःला आला नाही. ‘मला सवय आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे ठरते, आणि अंधारात ओल्या हाताने स्टार्टरपाशी जाणाऱ्याच्या बाबतीत तर धोक्याचेही.

‘आमचे आजोबा कुठे आठ तास झोपत होते?’ असेही विचारले जाते. त्यात तथ्य आहे. टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या वीज नसलेल्या तीन समाजांतले लोक सरासरी ५.७ ते ७.१ तासच झोपतात, असे २०१५ साली दिसून आले. पण त्यांची झोप रोज रात्रीच होते आणि तिची वेळ फारशी हलत नाही. प्रौढांना किमान ७ तास लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. त्या तासांइतकेच महत्त्व नियमितपणाला आहे. दुपारी भरपाई करू म्हटले, तरी उजेड आणि शरीरातले घड्याळ आड येते. दिवसाची झोप उथळ आणि तोकडी राहते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ पासूनचा दुसरा टप्पा शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आहे. तिचा हिशेब मेगावॉट आणि अनुदानात मांडला जातो; त्यात वाचलेल्या झोपेचाही रकाना असावा. सगळीकडे दिवसाची वीज पोहोचेपर्यंत ठिबक आणि भाऊबंदांत वाटून घेतलेल्या पाळ्या काही जागरण वाचवतील. आणि साखर किंवा रक्तदाब वाढलेला शेतकरी समोर बसला की डॉक्टरांनी पथ्यपाण्याआधी एक प्रश्न विचारावा : सध्या लाईट दिवसाची आहे की रात्रीची?