घोड्याच्या पाठीवरचें बिऱ्हाड

भाताची कापणी आटोपून खळीं रिकामीं झालीं, कीं महाड तालुक्यांत दरवर्षीं एक पाहुणा येतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोटारी एकाएकीं थांबतात. समोरून काळ्या-करड्या पाठींचा पूर रस्ता ओलांडीत असतो. पुढें मुंडासें बांधलेला, खांद्यावर काठी आडवी टाकलेला मेंढका. बाजूला दोन-तीन कुत्रीं. आणि मागें संसार लादलेलीं घोडीं. मोटारींतल्या शहरी गृहस्थाला वाटतें, हे भटके लोक, चारा दिसेल तिकडे जाणारे. परंतु त्या रात्रीं तो कळप कोणत्या शेतांत बसणार, तेथें किती रात्री काढणार आणि त्याबद्दल शेताचा धनी काय देणार, हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. भटकंती म्हणून जी दिसते ती वस्तुतः एका हंगामी व्यापाराची वाटचाल होय. त्या व्यापारांतला मालहि मोठा चमत्कारिक आहे. मेंढका जें विकतो ती मेंढरांची एका रात्रीची झोप!

हा व्यापार कळण्यास आधीं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा पाऊस ध्यानांत घेतला पाहिजे. दासगांव हें सावित्रीच्या कांठचें जुनें बंदर. बाणकोटच्या खाडींतून वर येणारीं गलबतें येथें लागत आणि महाडास जाणारे उतारू येथेंच पायउतार होत. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनें निघाले, ते याच बंदरांत उतरले. या खोऱ्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत दासगांवावर दरड कोसळली; घरें गेलीं, माणसें गेलीं, आणि वांचलेल्या कित्येक कुटुंबांना पुढें वर्षानुवर्षें पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. घाट चढून पूर्वेस फलटण-बारामतीच्या माळावर गेलें, कीं पावसाचा तोच आंकडा पांच-सहाशें मिलिमीटरवर येतो. इतक्या थोड्या अंतरांत एवढा फरक असलेले प्रदेश फार नसतील.

दख्खनी मेंढरूं हें त्या कोरड्या माळाचें अपत्य आहे. उन्हातान्हांत, खुरट्या गवतावर, दिवसाकाठीं कोसच्या कोस चालून तें जगतें. ओल मात्र त्याला सोसत नाहीं. पावसाळ्यांत त्याला कोंकणांत ठेवलें तर चिखलानें खूर कुजतात, लोकर भिजून अंगास चिकटते, आणि पाणथळ गवतावरील गोगलगायींच्या मार्फत काळजांत शिरणारे चपटे कृमि त्याला पोखरतात. उलट दिवाळी होऊन गेली कीं माळावरचें गवत वाळून संपत येतें. नेमक्या त्याच सुमारास कोंकणांतलीं भाताचीं खाचरें मोकळीं होतात. एका बाजूस चारा संपावा आणि दुसऱ्या बाजूस शेत रिकामें व्हावें, असा हा योग दरसाल जुळून येतो. मेंढका या दोहोंमधला दुवा आहे.

मेंढ्या घेऊन येणारे हे लोक मुख्यतः हटकर धनगर. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत धनगरवाड्यांवर बारमाही राहणारे आणि गाई-म्हशी पाळणारे गवळी धनगर निराळे. दोघांना एक समजण्याची चूक शिकलेलीं माणसेंहि करतात. हटकरांचे वाडे दसरा-दिवाळी उरकून निघतात. कोणी भोरवरून वरंधा घाट उतरून माझेरी-बिरवाडीच्या बाजूस येतो, कोणी महाबळेश्वराकडून आंबेनळी घाटानें पोलादपुरांत उतरतो. आणखी दक्षिणेस कुंभार्ली घाटानें चिपळूणकडे जाणारेहि आहेत. वाडा या शब्दानें शहरांतल्या वाचकाच्या डोळ्यांपुढें चिरेबंदी चौक आणि दिंडीदरवाजा येईल. धनगरांच्या बोलींत मात्र एकत्र चालणाऱ्या चार-आठ कुटुंबांच्या तळाला वाडा म्हणतात, आणि तो सकाळीं उठून चालूं लागतो.

या वाड्याचें सारें घर घोड्यावर. तळाशीं घोंगड्या, त्यांवर धान्याचीं पोतीं, तवा, हंडे, पाण्याच्या घागरी, पालाचें कापड आणि काठ्या, मेंढरांभोंवतीं उभारण्याची वाघर म्हणजे दोरीची जाळी. आणि या सगळ्याच्या शिखरावर कोंबड्यांचें खुराडें, किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल. रात्रीं जन्मलेलें कोकरूं सकाळीं कोसभर चालूं शकत नाहीं. तें पिशवींत घालून, तोंड तेवढें बाहेर ठेवून, ओझ्याच्या कडेला लटकावतात. देवहि बिऱ्हाडाबरोबर फिरतात. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या दैवतांचा अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनीं अनेक वर्षें धनगरांमध्यें काढून हें दाखवून दिलें, कीं या देवांच्या कथा आणि त्यांचीं ठाणीं कळपांच्या वाटांशीं बांधलेलीं आहेत. अलीकडे कांहीं वाड्यांत घोड्यांच्या जोडीस छोटा टेंपो आला आहे. त्यांत जड सामान आणि लहान कोकरें पुढें जातात, मेंढरें मागून चालत येतात. घाटांतल्या वळणांवर घोड्यापेक्षां टेंपोच अधिक वेळां अडतो, ही गोष्ट वेगळी.

आतां मुख्य व्यवहार. वाड्यांतला एक जाणता पुरुष तळाच्या पुढें एक-दोन दिवस चालतो. कोणाचें भात झोडून झालें, कोणाच्या खाचरांत ओलीवर वाल-पावटा पेरलेला आहे, पाणी कोठें मिळेल, गेल्या वर्षीं कोणीं शब्द दिला होता, हें सारें पाहून तो शेतकऱ्याशीं बोलतो. बोली होते ती मेंढरांची संख्या आणि रात्री यांवर. मोबदला पूर्वीं बहुतेक भातांत मिळे. आतां रोकड, धान्य किंवा दोन्ही मिळून. दिवसभर कळप आसपासच्या माळावर, बांधावर, कापलेल्या खाचरांच्या धसकटांत चरतो, आणि सांजावतां त्या धन्याच्या शेतांत आणून बसवितात. दुसऱ्या रात्रीं पुढच्या तुकड्यांत, तिसऱ्या रात्रीं त्याच्या पुढें. शेताचा एकहि कोपरा कोरडा राहूं नये यावर धन्याचा डोळा असतो, आणि एका जागीं दोन रात्री फुकट जाऊं नयेत यावर मेंढक्याचा. नव्या माणसाला ही घासाघीस क्षुल्लक वाटेल. पण मोबदला रात्रींच्या हिशेबानें असल्यामुळें दोघांचें वर्षाचें गणित तिच्यांत असतें.

शेतकऱ्याला यांत मिळतें तें काय? कोंकणची जांभी जमीन आधींच आम्ल, आणि दर पावसाळ्यांत तिच्यांतले क्षार धुऊन खाडीस मिळतात. घरच्या शेणाचा पुष्कळसा भाग रोपांच्या राबासाठीं आणि परसासाठीं खर्चीं पडतो. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीखताचें प्रमाण सुमारें ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असें दिलेलें असतें. साध्या शेणखतांत नत्र व पालाश अर्धा-अर्धा टक्का आणि स्फुरद त्याहून कमी. शिवाय उकिरड्यावर जनावराचें मूत्र पोंचतच नाहीं. तें गोठ्याच्या जमिनींत जिरून जातें. मेंढरूं शेतांतच बसल्यामुळें लेंड्यांबरोबर मूत्रहि थेट मातींत उतरतें, आणि खत वाहून नेण्याची गाडी, हमाल, टोपली यांपैकीं कशाचीच गरज पडत नाहीं. वर डोंगरउतारावर, जेथें बैलगाडी चढत नाहीं अशा चिंचोळ्या खाचरांत, या सोयीची किंमत सर्वांत जास्त. खत जणूं आपल्या पायांनीं चालत येतें.

असा धंदा जगांत एकट्या धनगराचाच आहे असें नव्हे. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराच्या पदपथांवर नाताळापूर्वीं महिनाभर हिरव्या सूचिपर्णी झाडांचे बाजार उभे राहतात. विकणारांत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतून आलेले लोक पुष्कळ असतात. कडाक्याच्या थंडींत ते रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारगाडींतच राहतात, तेथेंच निजतात, आणि पाळीपाळीनें झाडांवर पहारा ठेवतात. १९३८ पासून त्या शहराच्या कायद्यानें डिसेंबरांत सूचिपर्णी झाडें पदपथावर विकण्यास मुभा दिली आहे. अट एवढीच, कीं समोरच्या घराच्या वा दुकानाच्या मालकाची संमति पाहिजे. दुसऱ्याची जागा, ठरीव मुदत, मालाशेजारींच बिऱ्हाड, आणि धन्याच्या होकारावर सारें अवलंबून. दासगांवच्या खाचरांतला मेंढका आणि न्यूयॉर्कच्या पदपथावरला झाडविक्या यांना एकमेकांची भाषा कळणार नाहीं, पण एकमेकांचा धंदा पहिल्या रात्रींत कळेल. फरक आहे तो मुदतीच्या स्वरूपाचा. नाताळचा दिवस मावळला कीं उरलेल्या झाडाची किंमत शून्य होते. मेंढक्याचा माल रोज नवा होतो. मात्र ज्या रात्रीं त्याला शेत मिळालें नाहीं, ती रात्र पुन्हां विकतां येत नाहीं.

या धंद्याचा अर्धा भार बायकांवर आहे, आणि तो बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाहीं. पुरुष कळपामागें जातात. तळ मोडणें, घोडीं लादणें, नव्या जागीं पाल उभारणें, पाणी आणि जळण शोधणें, मागें राहिलेल्या कोकरांना पाला घालणें, हें सर्व बायकांचें. घोड्यावर बोजा दोन्ही बाजूंस सारखा बसला नाहीं तर वाटेंत तो सरकतो आणि घोड्याची पाठ सोलून निघते. हें वजन त्या ताजव्यावांचून, नुसत्या हातानें साधतात. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र हातानें साधणारा नाहीं. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें आणि दिवाळीनंतर अर्ध्यावर वाडा चालूं लागतो. ज्यांच्या घरीं म्हातारींकोतारीं गांवीं राहतात त्यांचीं मुलें आजीपाशीं किंवा वसतिगृहांत शिकतात, बाकीच्यांचीं मेंढरांमागें. ‘या लोकांनीं एका जागीं स्थिर व्हावें’ हा उपाय शहरांत वरचेवर सुचविला जातो. परंतु चारा आणि पाऊस एका जागीं स्थिर होत नाहींत, तोंवर मेंढरानें काय करावें, हें सुचविणाऱ्यांनीं सांगितलें पाहिजे.

आज या व्यवहारावर संकट आहे तें एका बाजूनें नव्हे. पोत्यांतलें रासायनिक खत दुकानांत मिळूं लागलें तेव्हां मेंढक्याच्या मालाला पहिला प्रतिस्पर्धी निर्माण झाला. तरीहि तो टिकला, कारण महाड-पोलादपूरच्या घराघरांतून माणसें मुंबईस गेलीं, प्रथम गिरण्यांत आणि मग मिळेल त्या नोकरींत, आणि गोठे रिकामे होत गेले. शेण कमी झालें तशी लेंडीखताची गरज वाढली. पण माणूस गेल्यावर कालांतरानें शेतहि पडीक पडतें, आणि पडीक शेताला खत कोण विकत घेणार? कळपाला दिवसा चरायला रान पुष्कळ, आणि रात्रीं बसवून घेणारा धनी मात्र नाहीं, अशी उलटी स्थिति कांहीं ठिकाणीं दिसूं लागली आहे. १९९० मध्यें रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस जमिनींत आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याचें त्यांत हित झालें. परंतु कोंवळें कलम आणि मेंढरूं यांचें सख्य नाहीं, म्हणून कुंपणें आलीं आणि जुन्या वाटा बुजल्या. जंगलांतली चराई तर १८७८ च्या वनकायद्यापासूनच परवानगीची बाब झालेली आहे. हमरस्ता चौपदरी होऊं लागला तसें कळप पलीकडे नेणें हें एक साहसच झालें. मधें दुभाजक, दोन्हीं बाजूंस भरधाव गाड्या, आणि म्होरक्या मेंढा बिथरला तर त्याच्यामागें सगळीं.

उत्पन्नाचा तोलहि बदलला आहे. दख्खनी मेंढीची राठ लोकर एके काळीं घोंगड्यांसाठीं खपे. सनगर ती विणत. आतां घोंगडी वापरणारे थोडे, आणि लोकरीला भाव जवळजवळ नाहींच. कमाई राहिली ती मांसासाठीं विकल्या जाणाऱ्या कोकरांवर. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतल्या गरोल मेंढीचा जुळें होण्याचा गुण दख्खनी मेंढींत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. मेंढीला एकाऐवजीं दोन कोकरें होणें हा मोठाच लाभ. पण दोन कोकरांना दूध पुरेल एवढा चारा वाटेवर मिळाला पाहिजे आणि घोड्यावर दुसऱ्या कोकरालाहि जागा झाली पाहिजे. संशोधनानें दिलेलें देणें शेवटीं वाटेच्या चाऱ्याशीं येऊन थांबतें.

आणि पाऊस! ज्याच्या भरंवशावर हा सारा व्यवहार रचला, तोच आतां वेळीं-अवेळीं येतो. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं, ऐन थंडींत, रात्रभर पाऊस लागला आणि पुणें जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या शेंकडों मेंढ्या गारठून दगावल्या. जें मेंढरूं ओल टाळण्यासाठींच पिढ्यान् पिढ्या चालत आलें, त्याला उघड्या माळावर ओलीनें गांठलें. घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडांत माणसांपुरतें पालाचें कापड असतें. तीन-चारशें मेंढरांना झांकील एवढें छप्पर कोणी घोड्यावर घालूं शकत नाहीं.

परतीचा दिवस ढगांकडे पाहून ठरतो. कांहीं वाडे पाडव्याच्या सुमारास माघारीं फिरतात, कांहीं वैशाखापर्यंत थांबतात. पण वळवाचे पहिले टपोरे थेंब पडण्याआधीं घाट चढून जावें लागतें, कारण ओल्या घाटांत घोड्याचा पाय घसरतो आणि मागें उरलेलें कोकरूं वांचत नाहीं. निघण्यापूर्वीं म्होरक्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडे एक फेरी घालतो. कागद नसतो, सही नसते. यंदा वरल्या दोन खाचरांची पाळी राहून गेली, तेव्हां येत्या सालीं तेथूनच सुरुवात करावी, एवढें धनी सांगतो; म्होरक्या मान हलवतो, राहिलेलें भात पोत्यांत भरून घेतो, आणि दुसऱ्या दिवशीं तांबडें फुटण्याआधीं वाडा वरंध्याच्या वाटेला लागलेला असतो.